पांढरं पडलेलं रान: कृष्णाकाठच्या जमिनीत मीठ येतं कुठून आणि जातं कुठं?

हिवाळ्यात कृष्णाकाठच्या एखाद्या खोलगट मळ्यात सकाळी उभं राहिलं, तर सरीच्या माथ्यावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसतो. चिमूटभर जिभेवर ठेवला तर खारट-कडवट लागतो. ऊस असतो, पण विरळ. मधेमधे टक्कल पडलेलं, पानांची टोकं करपलेली, कांड्या आखूड. त्याच शिवारात दोन-तीन हात उंचावर असलेल्या रानातला ऊस मात्र डोक्याच्या वर गेलेला. शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत हे चित्र नवं नाही, आणि नदी ओलांडून कागवाड, अथणी, रायबाग, चिकोडीकडे गेलं तरी ते बदलत नाही. मराठी शेतकरी म्हणतो, "रान मिठानं खाल्लं." त्याचा कन्नड शेजारी 'सवळू-जवळू' म्हणतो. सवळू म्हणजे खार, जवळू म्हणजे पाणथळ. या रोगाचं निदान त्या जोडशब्दातच आहे, कारण आपल्या भागात खार एकटा येत नाही, तो ओलीचा हात धरून येतो.

गावात याचं उत्तर साधारणपणे एका वाक्यात मिळतं: "युरिया लई मारला, म्हणून रान गेलं." ते पूर्ण खोटं नाही, पण मूळ कारण तेही नाही. खतांनी भर पडते. जमीन पांढरी पाडतं ते मात्र पाणी, आणि तेही चांगलं, गोडं, नदीचं पाणी.

गोड्या पाण्यातलं मीठ

नदीचं पाणी गोडं म्हणजे त्यात क्षार नसतात असं नाही. जिभेला कळत नाहीत एवढंच. पाण्यात किंवा मातीत किती क्षार विरघळले आहेत, हे त्यातून वीज किती सहज वाहते यावरून मोजतात. या मोजमापाला विद्युत वाहकता म्हणतात आणि त्याचं एकक आहे डेसिसायमन प्रति मीटर. वाहकता 0.5 असलेलं पाणी शेतीला उत्तम समजलं जातं. तरी त्याच्या एका लिटरमध्ये ढोबळमानाने 320 मिलिग्रॅम क्षार असतात.

आता हिशेब करून बघू. उसाला जागा आणि हंगामाप्रमाणे वर्षाला 1500 ते 2500 मिलिमीटर पाणी लागतं. अथणी-कागवाडसारख्या कमी पावसाच्या पट्ट्यात पाऊस वजा जाता 1500 मिलिमीटर पाणी पाटानं किंवा मोटारीनं दिलं असं धरलं, तर एका एकरात वर्षाला सुमारे 60 लाख लिटर पाणी जातं. प्रत्येक लिटरमागे 320 मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाला जवळपास 2 टन क्षार. पन्नास किलोची चाळीस पोती मीठ कुणी आपल्या एकरात ओतायला आलं, तर त्याला शेतकरी काठी घेऊन हाकलेल. इथं ते आपल्याच मोटारीनं, आपल्याच वीजबिलावर येतं. नदीऐवजी मचूळ विहिरीचं, 2 वाहकतेचं पाणी वापरलं, तर हाच आकडा चौपट होऊन पावणेआठ टनांवर जातो.

यातलं पाणी पीक पितं, ऊन उडवतं. क्षार मात्र पीक फार थोडे उचलतं आणि उन्हाला ते उडवता येत नाहीत. ते मागे राहतात. मग सगळीच बागायती जमीन खराब का होत नाही? कारण जिथं मुरलेलं जास्तीचं पाणी खाली-खाली जाऊन ओढ्याला, नदीला मिळतं, तिथं ते क्षारही बरोबर घेऊन जातं. खानापूर किंवा चंदगडच्या तांबड्या मातीत, धो-धो पावसात, मीठ टिकतच नाही. मीठ येणं हा दोष नाही. येण्याची वाट आहे आणि जाण्याची नाही, हा दोष.

तळघरात पाणी साचतं तेव्हा

कृष्णाकाठची काळी माती पोटात भरपूर पाणी धरते, म्हणूनच ती नावाजलेली. तिच्यातले चिकणमातीचे कण ओले झाले की फुगतात आणि फटी बंद करतात. पाणी तिच्यातून खाली झिरपतं, पण गोगलगाईच्या चालीनं. कोरडवाहू काळात त्यानं बिघडत नव्हतं. वर्षातून चार महिने पाणी आणि आठ महिने ऊन, उन्हाळ्यात हातभर खोल भेगा. मग नदीवर उपसा योजना आल्या, वीज आली, धरणं झाली, आणि त्याच मातीला बारमाही पाणी मिळू लागलं. वीज रात्रपाळीला आली की मोटार चालू करून झोपायचं आणि सकाळी बघायचं, ही पद्धत पडली. सरी भरून वाहिली तरी पाणी थांबत नाही. आणि पाणी हक्काचं असेल, पाळी पंधरा दिवसांनी येणार असेल, तर "मिळतंय तवर घ्या" हे वागणं समजण्यासारखंही आहे.

हे जास्तीचं पाणी जमिनीखाली साचत जातं आणि भूजलाची पातळी वर चढते. ती जमिनीपासून दीड-दोन मीटरच्या आत आली की खरा घोळ सुरू होतो. दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढू लागतं. पृष्ठभागाशी आलं की उन्हानं उडून जातं आणि क्षार तिथंच टाकतं. म्हणजे पाणी न देता, रान मोकळं ठेवलं तरी मीठ वर येतच राहतं. "दोन वर्षं पड ठेवलं, तरी रान आणखी बिघडलं" असं शेतकरी सांगतात, त्याचं कारण हेच. पड रानात वात चालूच असते.

यात एक अन्याय आहे, आणि गावातली निम्मी भांडणं त्यातून येतात. पाणी जास्त देणारा आणि जमीन गमावणारा बहुतेक वेळा एकच नसतो. उंचावरच्या रानात पाणी तुंबवलं, तर ते झिरपून खोलगट रानात उगवतं. वरच्याचा ऊस जोरात, खालच्याचं रान चिबड. खालच्यानं ठिबक बसवलं, पाणी निम्म्यावर आणलं, तरी त्याच्या जमिनीखालचं पाणी उतरत नाही, कारण ते त्यानं दिलेलंच नसतं.

पिकावर होणारा परिणामही बघण्यासारखा आहे. क्षार वाढले की मुळांना पाणी ओढायला जास्त जोर लागतो. माती ओलीचिंब असते आणि पीक तहानलेलं असतं. शेतकऱ्याला पानं सुकलेली दिसतात, तो आणखी पाणी देतो आणि रोग वाढतो. पिकांची सहनशक्ती शास्त्रज्ञांनी मोजून ठेवली आहे. मुळांजवळच्या मातीतल्या पाण्याची वाहकता 1.7 पर्यंत असेल तर उसाचं काही बिघडत नाही. पुढे प्रत्येक एका अंकामागे उत्पादन सुमारे 5.9 टक्क्यांनी घटतं. वाहकता 5 झाली की पाचवा हिस्सा गेला, 10 झाली की निम्मा ऊस गेला. घेवडा 1.0 वर, कांदा 1.2 वर आणि द्राक्ष 1.5 वरच कुरकुरतं. गहू 6 पर्यंत, ज्वारी 6.8 पर्यंत, कापूस 7.7 पर्यंत तग धरतो. म्हणजे आजोबा ज्या रानात शाळू पिकवत होते, तिथं नातवाचा ऊस का येत नाही, याचं उत्तर थोडं मातीत आणि थोडं पिकाच्या निवडीतही आहे. गुऱ्हाळवाल्यांना तर प्रयोगशाळा लागत नाही. खारट रानातल्या उसाचा गूळ खारट लागतो, काळा पडतो, लवकर पाझरतो, आणि सौद्यात त्याचा भाव पडतो.

नीरेकाठचा जुना धडा

हे कोडं नवं असल्यासारखं बोललं जातं, पण ते शंभर वर्षांपूर्वीच सुटलं होतं. नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला आणि बारामतीकडच्या कोरडवाहू मुलखात ऊस आला. पंचवीस वर्षांतच कालव्याखालच्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. तेव्हा पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी त्या खोऱ्याचा अभ्यास केला. 1910 मध्ये मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानं नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवरची त्यांची पुस्तिका छापली. भूजल वर आलं म्हणून क्षार वर आले, आणि उपाय निचऱ्याचा, हे सूत्र तेव्हापासून कागदावर आहे. पुढे 1916 मध्ये मुंबई इलाख्यानं पाटपाण्याचा शेतीशी मेळ घालण्यासाठी एक खास कक्ष काढला. खडकवासल्याच्या आजच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचं मूळ तेच.

स्वातंत्र्यानंतर धरणं आणि कालवे वाढले, निचऱ्याचे चर मात्र त्या वेगानं झाले नाहीत. पाणी आणण्याचं उद्घाटन होतं, पाणी काढून देण्याचं कुणी करत नाही. क्षारांनी बाधित जमिनींवर काम करण्यासाठी 1969 मध्ये हरियाणातल्या कर्नालला केंद्रीय संस्था उभी राहिली. तिच्या हिशेबानुसार देशात सुमारे 67 लाख हेक्टर जमीन क्षारांनी बाधित आहे. महाराष्ट्राच्या बाजूला राहुरी कृषी विद्यापीठाचं कसबे डिग्रज (जि. सांगली) इथलं संशोधन केंद्र, तर कर्नाटकात तुंगभद्रेच्या लाभक्षेत्रासाठी गंगावती इथलं केंद्र याच विषयावर काम करतं. अथणीच्या शेतकऱ्याला डिग्रज जवळ आणि गंगावती लांब. काळी माती मात्र तिन्ही ठिकाणी एकाच स्वभावाची आहे.

जिप्समची पोती आणि फसलेला उपाय

रान पांढरं दिसलं की पहिला सल्ला मिळतो: "जिप्सम टाका." पोती येतात, रानात पसरली जातात, पैसे जातात आणि फरक पडत नाही. चूक जिप्समची नसते, निदानाची असते.

बिघडलेल्या जमिनी दोन जातीच्या. एक क्षारयुक्त, म्हणजे खारवट. हिच्यात विरघळणारे क्षार जास्त, सामू 8.5 च्या आत, वर पांढरा थर, पण माती भुसभुशीत राहते. दुसरी चोपण. हिच्यात मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो, सामू 8.5 च्या वर जातो, पांढरेपणा असेलच असं नाही, उलट कधीकधी पृष्ठभाग काळपट, तेलकट दिसतो. पाणी दिलं की दिवसेंदिवस डबकं राहतं, वाळली की दगड. नांगराला ढेकळं निघतात ती फुटता फुटत नाहीत. सोडियममुळे मातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि छिद्रं बुजवतात, म्हणून असं होतं.

जिप्सम हे चोपणीचं औषध आहे. त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो आणि त्याची जागा घेतो. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली वाहून जायला हवा. वाटच नसेल तर तो तिथंच घुटमळतो आणि जिप्सम स्वतःच आणखी एका क्षाराची भर ठरतं. आणि जमीन नुसती खारवट असेल, चोपण नसेल, तर जिप्समची गरजच नसते. तिला हवं असतं चांगलं पाणी आणि निचरा. दख्खनच्या काळ्या मातीत आणखी एक गोष्ट आहे. तिच्यात चुनखडी भरपूर, म्हणजे कॅल्शियम आहेच, फक्त तो विरघळत नाही. तिथं गंधक टाकलं, तर मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि चुनखडीतला कॅल्शियम मोकळा होतो. साखर कारखान्याची मळी, शेणखत, ताग-धैंचा गाडणं यांनीही याच दिशेनं मदत होते, सावकाश.

म्हणून आधी माती तपासायची. इथं एक फसगत टाळायला हवी. वर दिलेले उसाचे, गव्हाचे आकडे हे माती पाण्यानं नुसती संपृक्त करून काढलेल्या अर्काचे आहेत. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा मातीत दुप्पट-अडीचपट पाणी मिसळून वाहकता मोजतात. पाणी जास्त, म्हणून आकडा कितीतरी कमी येतो. अहवालात 1.5 दिसलं म्हणून "उसाला 1.7 चालतं, आपण वाचलो" असं समजलं तर घात होईल. या पद्धतीत 1 च्या वरचा आकडाच सावध करणारा असतो. अहवाल हातात घेताना कोणत्या पद्धतीनं मोजलं, एवढं विचारायचं. आणि नमुना फक्त वरच्या वीतभर मातीचा न घेता फूट-फूट खोलीचे वेगवेगळे घ्यायचे, तीन फुटांपर्यंत.

जमिनीखालची गटारं

खात्रीचा उपाय म्हणून आज जो पुढे आला आहे, तो भूमिगत निचरा. चार इंचांच्या आतलं, वळ्यावळ्यांचं सच्छिद्र प्लॅस्टिक पाईप, त्यावर गाळ अडवणारं कापड, आणि हे पाईप साधारण मीटर-सव्वा मीटर खोल, ठरावीक अंतरानं, हलका उतार देऊन पुरायचे. भारी मातीत अंतर कमी, हलक्या मातीत जास्त. हे सगळे पाईप एका मोठ्या पाईपला जोडायचे आणि तो ओढ्यात सोडायचा. वर नांगर चालतो, ऊस उभा राहतो, उघड्या चरासारखी जमीन वाया जात नाही. भूजल पाईपच्या पातळीपर्यंत उतरतं, वात तुटते, आणि पावसाळ्याचं गोडं पाणी वरून क्षार धुऊन खाली नेतं. दोन-तीन हंगामांत गहू, मग ऊस परत घेता येतो. शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्यानं सभासदांना गावपातळीवर एकत्र करून अशी कामं उभी केली आहेत.

एकत्र करणं हाच त्यातला अवघड भाग आहे. एकट्याच्या एकरात पाईप टाकून फार साधत नाही, कारण शेजारच्याचं पाणी त्याच्या पाईपात येत राहतं. शिवाय मोठा पाईप ओढ्यापर्यंत न्यायचा तर तो चौघांच्या बांधाखालून जाणार. एकानं जरी "माझ्या रानातून न्हाई" म्हटलं, तर खर्च केलेला सगळा पाईप मुका. भाऊबंदकी, अर्धवट वाटण्या, सातबाऱ्यावर एक नाव आणि कसणारा दुसरा, असल्या गोष्टी इंजिनिअरच्या नकाशात नसतात.

पाईप पुरला म्हणजे कायमचं काम झालं असंही नाही. उसाची मुळं आणि गाळ शिरून पाईप तुंबतात, त्यामुळे अधूनमधून तपासणीचे हौद ठेवावे लागतात. नदीला पूर आला की तोंडातून पाणी उलटं आत येतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये कोल्हापूर, सांगली, बेळगाव या तिन्ही जिल्ह्यांनी पाहिलेला पूर असा होता की शेतं दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिली. पुराचं पाणी गोडं, त्यानं वरचं मीठ थोडं धुतलं जातं. पण ते मुरून भूजल वर नेतं आणि निचरा नसलेल्या रानात पुढच्या उन्हाळ्यात पांढरा थर पुन्हा वर येतो. कमी दिवसांत जास्त पाऊस पडण्याकडे कल वाढला, तर अशा पट्ट्यात निचऱ्याची गरज वाढणारच.

गोव्यातल्या वाचकांना यात ओळखीचं काही सापडेल. खाडीकाठच्या खाजनात मीठ समुद्रातून येतं, इथं पाटातून. पण तिथल्या जुन्या जाणत्यांनी बांध घातले, मानशी बसवल्या, भरतीचं पाणी अडवलं आणि पावसानं धुतलेलं खारं पाणी ओहोटीला सोडून दिलं, आणि मग त्यात कोरगुट भात पिकवलं. पाणी घेण्याआधी ते सोडायचं कसं हे त्यांनी ठरवलं होतं.

सुटलेलं पाणी पुढच्या गावाला

आता राहिला तो प्रश्न, ज्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. पाईपातून निघालेलं पाणी जातं कुठं? ओढ्यात, ओढ्यातून कृष्णेत. पहिल्या एक-दोन वर्षांत ते चांगलंच खारट असतं, पुढे सौम्य होतं. त्याच्याबरोबर रानात टाकलेल्या युरियातला नायट्रेटही येतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, असं भारतीय मानक सांगतं. पावसाळ्यात नदी भरलेली असते, तेव्हा हे सगळं विरून जातं. अडचण मार्च ते मे. नदी आटलेली, बंधारे अडवलेले, आणि त्याच पात्रात कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणीही मिसळलेलं.

शिरोळ तालुक्यातला राजापूर बंधारा ओलांडला की कृष्णा कर्नाटकात जाते. पलीकडच्या काठावरची जॅकवेल हेच पाणी उचलतात, शेताला आणि गावाच्या नळालाही. म्हणजे वरच्या रानाचं जे खालच्या रानाशी होतं, तेच इथं एका राज्याचं दुसऱ्याशी होतं. अथणी-रायबागकडच्या जमिनींत निचरा झाला, की तोच प्रवाह पुढे हिप्परगी आणि अलमट्टीच्या पाण्यात जाईल. नदीकाठच्या एकाही गावाला आपण फक्त वरचे किंवा फक्त खालचे असं म्हणता येत नाही.

यावरही मार्ग आहेत. पाईपच्या तोंडाला झडप बसवून उन्हाळ्यात निचरा थांबवता येतो आणि पावसाळ्यात, नदी वाहती असताना, सोडता येतो. त्यानं पाणीही वाचतं आणि नायट्रेटही कमी जातं. निघालेलं पाणी फार खारट नसेल तर गोड्या पाण्यात मिसळून ज्वारी-गव्हाला देता येतं. पाझर जिथून येतो त्या कालव्याच्या कडेनं निलगिरीसारखी खूप पाणी ओढणारी झाडं लावून भूजल खाली नेण्याचे प्रयोग कर्नालच्या संस्थेनं केले आहेत. भूजल उतरतं, पण जमिनीतलं मीठ झाडं उचलून नेत नाहीत, ही त्याची मर्यादा. ठिबकनं नवीन पाणी साचणं थांबतं, म्हणून न बिघडलेल्या रानाला ते लाभतं. बिघडलेल्या रानातलं मीठ ठिबकनं धुतलं जात नाही, ते ओल्या भागाच्या कडेला सरकतं, एवढंच.

ज्यांचं रान अजून चांगलं आहे, त्यांच्यासाठी सगळ्यात स्वस्त तपासणी एका पाईपाच्या तुकड्यात होते. शिवाराच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात दोन-अडीच मीटर खोल भोक पाडायचं, त्यात भोकं पाडलेला पाईप उभा करायचा, वर झाकण ठेवायचं. मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये दोरीला दगड बांधून आत सोडायचा आणि पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचं. मे महिन्यातलं पाणी दरवर्षी वीत-वीत वर येताना दिसलं, तर पांढरा थर दिसायच्या काही वर्षं आधीच कळतं. वरच्या रानवाल्यालाही ती वही दाखवता येते.